मार्लिन ३३६: जुनी घ्यावी, नवी घ्यावी, की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे सांगलीचे, आता टेक्सासात, ग्रीन कार्डवर. शेजारचे आजोबा त्यांची जुनी मार्लिन ३३६ विकायला काढतायत. ही लिव्हर ॲक्शन रायफल, म्हणजे चापाभोवतीचा दांडा खाली ओढून पुढचं काडतूस भरायची. तिच्यावरच्या नंबराचे पहिले दोन आकडे २५. दुकानात रूगर या अमेरिकन बंदूक कंपनीनं बनवलेली नवी ३३६ दिसते. नेमबाजीच्या रेंजवरचे मित्र जुन्या, बंद पडलेल्या रायफलींची नावं घेऊन म्हणतात, "थांब जरा. मार्लिन आता रूगरकडे आहे. ३९ए येईल, मॉडेल ६० येईल, नशीब असेल तर सॅव्हेज ९९ सुद्धा येईल." तर काय करावं?

उत्तर आधी देतो. आजोबांची रायफल तपासून ठीक निघाली तर ती घ्या. नाही निघाली तर नवी घ्या, तिला नावं ठेवण्यासारखं फारसं काही नाही. थांबू मात्र नका. तुमचे मित्र ज्या गोष्टींची वाट पाहतायत त्यातल्या काही येतील, काही कधीच येणार नाहीत, आणि येतील त्या त्यांच्या मनात असलेल्या भावाला येणार नाहीत.

माझा अनुभव म्हणाल तर आयुष्य टूलरूममध्ये गेलं. पहिली अकरा वर्षं भोसरीत, पुढची अमेरिकेत. निवृत्तीनंतर आठवड्यातले तीन दिवस एका गनस्मिथच्या दुकानात बसतो. लिव्हर ॲक्शन रायफली खोलून साफ करणं, झिजलेले भाग बदलणं, नेम धरायच्या वाकड्या साइट सरळ करणं, एवढंच काम. म्हणजे मी शिकारी नाही आणि जुन्या बंदुका जमवणाराही नाही. मी फिटरच्या डोळ्यांनी बघतो.

मार्लिनला नवा मालक मिळाला यात नवीन काही नाही, हे आधी लक्षात घ्या. जॉन मार्लिन यांनी १८७० मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवन इथं धंदा सुरू केला. पहिल्या महायुद्धानंतर कंपनी बसली आणि १९२४ मध्ये लिलावात निघाली. फ्रँक केना यांनी ती घेतली १०० डॉलरला, पण वर एक लाख डॉलरचं गहाण अंगावर घेऊन. त्या घराण्यानं ती ऐंशीपेक्षा जास्त वर्षं चालवली. मध्यंतरी मार्लिनच्या नावानं दाढीची पातीसुद्धा विकली! आज लोक ज्या 'जुन्या, खऱ्या मार्लिन'साठी उसासे टाकतात, ती बहुतेक या लिलावात घेतलेल्या कंपनीचीच आहे. तुमची ३३६ सुद्धा. तिचा आराखडा १८९३ च्या मॉडेलपासून चालत आला, पण गोल बोल्टची ३३६ आली ती १९४८ मध्ये, केनांच्या काळात.

२००७ च्या अखेरीस केना घराण्यानं मार्लिन रेमिंग्टनला विकायचं ठरवलं. २०१० मध्ये मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करायची घोषणा झाली आणि काम मुख्यतः न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी रेमिंग्टनच्या कारखान्यात गेलं. त्यानंतरच्या काही वर्षांच्या रायफलींना लोक 'रेमलिन' म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नव्हे. साइट कललेल्या, लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये फट, लिव्हर ओढताना खरखर. शेवटच्या वर्षांत माल बराच सुधारला होता, पण एकदा गेलेलं नाव परत येत नाही.

हे का झालं, ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या आशांचा हिशेब तिथंच आहे.

साइट कलण्याचंच उदाहरण घेऊ. नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या यंत्राच्या मधल्या भागात, आट्यांवर बसते. साइटच्या खाचा नळीवर आधीच कापलेल्या असतात. नळी फिरवत आत घ्यायची, खांदा टेकला की ठरावीक जोरानं आवळायची, आणि त्या क्षणी खाचा बरोबर बाराच्या काट्यावर यायला हव्यात. समजा आट्यांचं पिच दीड मिलिमीटर आहे. पूर्ण एका फेऱ्यात नळी दीड मिलिमीटर आत जाते. म्हणजे एका अंशाला जेमतेम चार मायक्रॉन. आट्यांची सुरुवात आणि खांदा यांच्यातलं अंतर वीस मायक्रॉननं चुकलं तर साइट जवळजवळ पाच अंश कलते. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. पाच अंश कललेली साइट दुकानात उभ्या उभ्या कोणाच्याही डोळ्यांत खुपते.

मग जुन्या कारखान्यात, जुन्या मशीनवर हे साधत कसं होतं? मशीन अचूक होती म्हणून नाही. त्या मशीनवर वीस-पंचवीस वर्षं उभा असलेला माणूस होता म्हणून. कुठल्या फिक्स्चरला झीज आहे, कुठला भाग कागदावरच्या मापापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, कुठली नळी कुठल्या रिसीव्हरला चालेल, हे त्याला हातानं कळायचं. यातलं फार थोडं ड्रॉइंगवर उतरलेलं असतं.

भोसरीत आमच्याकडे एकदा परदेशातल्या एका कारखान्याची सगळी लाइन आली. मशीन, जिग, गेज, ड्रॉइंग, सगळं खोक्यांत भरून. आम्ही माल काढला, प्रत्येक नग गेजमध्ये पास. जोडणी केली की मात्र दहातले तीन जाम. दोन महिने डोकं फोडलं. शेवटी तिकडचा एक निवृत्त फिटर बोलावला. तो म्हणाला, "अरे, बोअर (आतलं भोक) नेहमी टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) वरच्या अर्ध्यात ठेवायचं, खालच्या अर्ध्यात ते चालतच नाही." हे कुठं लिहिलंय? कुठंच नाही. त्याला त्याच्या उस्तादानं सांगितलेलं. त्या दिवसापासून कुठल्याही कंपनीनं कुठलंही जुनं नाव विकत घेतल्याची बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो: माणसं आली का बरोबर? नॉर्थ हेवनला दोन-अडीचशे माणसांची नोकरी गेली. मशीन ट्रकमध्ये चढली, ती माणसं चढली नाहीत.

आता रूगर. रेमिंग्टननं जुलै २०२० मध्ये दोन वर्षांत दुसऱ्यांदा दिवाळखोरी मागितली आणि सप्टेंबरात तुकड्यातुकड्यांनी लिलाव झाला. दारूगोळ्याचा धंदा आणि रेमिंग्टन हे नाव ८ कोटी १४ लाख डॉलरला व्हिस्टा आउटडोअरनं घेतलं. रेमिंग्टनच्या बंदुकांचा धंदा राउंडहिल ग्रुपला १ कोटी ३० लाखांत गेला. आणि मार्लिन रूगरनं घेतली सुमारे ३ कोटींना. म्हणजे पोटातली मार्लिन बाहेर काढली तर ती रेमिंग्टनच्या बंदुकांपेक्षा दुपटीनं महाग! लिव्हर ॲक्शनला किती मागणी साचली होती, ते या आकड्यांवरून कळतं.

रूगरनं व्यवहार नोव्हेंबर २०२० मध्ये पुरा केला आणि पहिली रायफल बाजारात आणली डिसेंबर २०२१ मध्ये. मधलं वर्षभर लोक चिडचिड करत होते. मला मात्र तेव्हाच धीर आला. घाई करणाऱ्यानं खोकी उघडून जुन्याच मशीनवर महिन्याभरात माल काढला असता. यांनी काम नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडनच्या कारखान्यात नेलं आणि सीएनसीसाठी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांसाठी, नव्यानं बसवलं. रिसीव्हर, लिव्हर, ट्रिगर गार्ड प्लेट हे फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या तुकड्यातून, सीएनसीवर कापलेले, नळी थंडच ठोकून घडवलेली (कोल्ड हॅमर फोर्ज). रूगर ही खरं तर कास्टिंगमधली, म्हणजे ओतकामातली, उस्ताद कंपनी, पण इथं तिनं फोर्जिंगच ठेवलं.

सीएनसी म्हटलं की रेंजवरचे म्हातारे नाक मुरडतात, 'हाताचं काम गेलं' म्हणतात. त्यांना मी तो वीस मायक्रॉनचा हिशेब सांगतो. हाताचं काम जाणारच होतं, कारण हातच गेले होते. मग दोनच रस्ते उरतात. एक, हात असल्यासारखं वागायचं आणि जुन्या मशीनवर नवख्या माणसांना उभं करायचं. दोन, जे हातात होतं ते मशीनमध्ये आणि मोजमापात उतरवायचं. रूगरनं दुसरा धरला. माझ्या बाकावर आलेल्या रूगरच्या मार्लिनींत कललेली साइट मला अजून दिसलेली नाही. दोन-तीन आल्या त्या लिव्हर कडक आहे म्हणून. शे-दीडशे वेळा चालवल्यावर ती तक्रार आपोआप संपली.

सुरुवात .४५-७० काडतुसाच्या मॉडेल १८९५ एसबीएलनं केली, तेही मला हुशारीचं वाटलं. ही महागडी स्टेनलेस रायफल, छापील किंमत तेव्हा तेराशे-चौदाशे डॉलरच्या घरात होती. नवी लाइन बसवताना पहिले नग नेहमी खर्चिक पडतात. जास्त नफ्याच्या मालावर तो खर्च निघतो. ३३६ क्लासिक २०२३ मध्ये आली, .३०-३० मध्ये, अक्रोडाच्या लाकडाची, तीही बाराशे डॉलरच्या वर. मॉडेल १८९४ त्याच वर्षी. क्रम बघा: आधी काय विकलं जाईल, मग काय बनवायला जवळचं आहे. भावनेला या क्रमात जागा नाही.

म्हणून तुमच्या मित्रांच्या यादीकडे येतो.

३९ए ची आशा सगळ्यात जास्त लोकांना आहे आणि ती खोटी नाही. ॲनी ओकली या प्रसिद्ध अमेरिकन नेमबाज बाईनं नेमबाजीच्या खेळांत वापरलेल्या १८९१ च्या मार्लिन बावीसचा (छोट्या .२२ काडतुसाच्या रायफलीचा) हा वंशज. बाजूचा एक मोठा स्क्रू हातानं सोडवला की रायफलीचे दोन भाग होतात. अडचण अशी की ३९ए बनवायला ३३६ च्या बरोबरीचं काम लागतं. भाग जवळजवळ तेवढेच, फोर्जिंग तेच, लाकूड तेच. काडतूस लहान आहे म्हणून मशीनचा तास स्वस्त होत नाही. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात बावीस म्हणजे तीन-चारशे डॉलर, हे पक्कं बसलेलं असतं. ३९ए जेव्हा येईल तेव्हा तिची किंमत ऐकून हेच मित्र 'लूट आहे' म्हणतील. वाट पाहायची असेल तर हजारापेक्षा जास्त डॉलर बाजूला ठेवून पाहा.

मॉडेल ६० विसरा. एक कोटीहून जास्त विकली गेलेली रायफल, कबूल. पण तिचा सगळा जोर स्वस्ताईवर होता, आणि रूगरची स्वतःची बावीस, १०/२२, हे १९६४ पासून चालत आलेलं हुकमी पान आहे. आपल्याच दुकानासमोर आपणच दुसरं दुकान कोण थाटेल?

सॅव्हेज ९९ रूगरच्या हातात नाहीच. ते नाव सॅव्हेजचं. फार सुंदर रायफल आहे, आत फिरतं मॅगझिन, बाहेर घोडा दिसत नाही. एकदा खोलून बघितली तर कळतं की ती परत का येत नाही. प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला हातानं जुळवलेला. आज ती तशी बनवली तर किंमत शिकाऱ्याची राहणार नाही, संग्राहकाची होईल.

विंचेस्टरचं कोणी सांगितलं तर तेही ऐकून ठेवा. १९६४ मध्ये त्यांनी खर्च वाचवायला मॉडेल ९४ आणि ७० दोन्हींच्या घडणीत काटछाट केली. तेव्हापासून आजतागायत 'प्री-६४' या शब्दाला वेगळा भाव आहे. २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद झाला. नंतर ९४ परत आली ती जपानमधल्या मिरोकूकडून. जुने लोक 'जपानी विंचेस्टर' म्हणून तोंड वाकडं करतात, पण मी दोन्ही खोलल्या आहेत: सत्तरच्या दशकातल्या न्यू हेवनच्या ९४ पेक्षा मिरोकूची घडण सरस आहे, यात मला तरी शंका नाही. पत्ता बघून रायफल पारखू नये.

आपल्याकडे जावा २०१८ मध्ये परत आली तेव्हाही हेच झालं होतं, आठवतं का? टाकीवरचं नाव तेच, आवाज मात्र तो नाही. ज्यांना आवाज हवा होता ते रुसले, ज्यांना रोज चालणारी गाडी हवी होती त्यांनी घेतली.

नव्या ३३६ बद्दलच्या बाकी तक्रारी किरकोळ. दस्त्याच्या खालचा 'बुल्सआय', म्हणजे मार्लिनची गोल खूण, पूर्वी काळा-पांढरा होता, आता लाल-पांढरा आहे. मला विचाराल तर बरंच झालं, शंभर फुटांवरून रूगरची ओळखू येते आणि कोणी जुनी म्हणून गळ्यात मारू शकत नाही. आडवी सेफ्टी (रिसीव्हरमधून आरपार जाणारं बटण) कायम आहे, ती ऐंशीच्या दशकात केनांच्याच काळात आली होती, तेव्हा तिचा राग रूगरवर काढू नका. नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे जुने उथळ मायक्रो-ग्रूव्ह आटे गेले, नेहमीचे खोल आटे आले. शिशाच्या ओतीव गोळ्या मारणाऱ्यांना ते उलट सोपंच जाईल.

आता आजोबांच्या रायफलीकडे. नंबर २५ नं सुरू होतो म्हणताय. १९७३ पासूनच्या जुन्या मार्लिनवर पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की साल मिळतं. तुमची १९७५ ची. नळीवर रिसीव्हरजवळ लंबगोलात 'जेएम' असा शिक्का दिसायला हवा. तिथं 'आरईपी' दिसलं तर नळी नंतरच्या, रेमिंग्टनच्या काळातली आहे, मग आजोबांना विचारा की कधी आणि का बदलली. कॅलिबरही नळीवर वाचा. .३०-३० असेल तर उत्तम. .३५ रेमिंग्टन असेल तर रायफल तितकीच चांगली, पण काडतुसं शोधत फिराल आणि महाग घ्याल.

पहिलं काम, लिव्हर उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीनं, दोन्हींनी बघा. नळीच्या खालचं ट्यूब मॅगझिनही. जुन्या घरात राहिलेलं एखादं काडतूस तिथं हमखास सापडतं. मग स्क्रूंची डोकी बघा. ती कुरतडलेली असतील तर कोणीतरी चुकीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं आत हात घातलाय, आणि ज्याला स्क्रू नीट सोडवता आला नाही त्यानं आत काय केलं असेल याचा विचार करा. नळीच्या तोंडाची कड बोटानं चाचपा, ओरखडा नको. लाकूड रिसीव्हरला मिळतं तिथं मागे तडा गेलाय का ते पाहा, तो सहज दिसत नाही, टॉर्च लावा.

मार्लिनची फायरिंग पिन दोन तुकड्यांची असते. लिव्हर पूर्ण बंद होऊन कुलूप वर बसल्याशिवाय मागचा तुकडा पुढच्याच्या रेषेत येत नाही, म्हणून अर्धवट बंद असताना रायफल उडत नाही. कोणी 'सुधारणा' म्हणून एकतुकडी पिन घातली असेल तर परत मूळची घाला. त्यात वाद नाही.

१९७५ च्या रायफलीला आडवी सेफ्टी नसेल. घोडा अर्ध्यावर अडकतो, तीच तिची सेफ्टी. अंगठ्यानं घोडा सावकाश उतरवायची सवय रिकाम्या रायफलीवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, शंभरदा करा, मगच काडतूस भरा. रिकाम्या रायफलीवरच, अर्ध्या खाचेत घोडा असताना चाप दाबून बघा. सुटला तर ती रायफल आधी गनस्मिथकडे.

डमी काडतुसं पाचएक घेऊन जा. भरा आणि लिव्हर पाच वेळा सावकाश, पाच वेळा जोरात चालवा. मार्लिनमध्ये लिव्हरची कड कॅरियरला, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या भागाला, खालून घासत राहते. वर्षानुवर्षांनी तिथं खड्डा पडला की कॅरियर उशिरा उठतो आणि दोन काडतुसं एकमेकांत अडकतात. याला 'मार्लिन जॅम' म्हणतात. हे मॉडेल १८९४ मध्ये जास्त आणि ३३६ मध्ये कमी दिसतं, पण बघून घ्यावं. दुरुस्ती होते, मात्र किमतीतून तेवढे पैसे कमी करून घ्या. ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक लावून बसतात. म्हणून सपाट टोकाची गोळी वापरा, किंवा होर्नाडीची मऊ रबरी टोकाची. कडक अणकुचीदार गोळी धक्क्यानं पुढचं काडतूस आतच उडवू शकते, ती त्यात कधीच नको.

टेक्सासात शेजाऱ्याकडून घ्यायला दुकानाची सक्ती नाही, तरी व्यवहार परवानाधारक दुकानामार्फत करा. बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरा, तुमची पार्श्वभूमी तपासणी होऊ द्या. थोडे पैसे जातील, कागद हातात राहील. आणि हे वाचणाऱ्यांत कोणी एच-वन-बी वर असेल तर त्यांनी तुमचं बघून खरेदीला धावू नये. त्या व्हिसावर केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं अशा मोजक्या सवलती आहेत, त्या आधी वकिलाला विचारून घ्याव्यात. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, तुम्हाला ही अडचण नाही.

सगळं ठीक निघालं आणि पैसे द्यायची वेळ आली की आजोबांना एक विचारा. पुढच्या साइटवर बसणारं पत्र्याचं छोटं झाकण कुठं ड्रॉवरमध्ये पडलंय का? या रायफलीचं सगळ्यात आधी हरवतं ते तेच.